शारदा ट्रस्टचे अध्यक्ष

उल्हास पाटणकरला 'नाही' म्हणता येत नसे. हे मी त्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. मिशिगनमध्ये उभं आयुष्य काढलेला, गिअरबॉक्समधला बारीकसा खरखराट दुरून ओळखणारा हा इंजिनियर माणूस. पण दारावर कोणी मासिकांची वर्गणी मागायला आलं की घेऊन मोकळा व्हायचा. एकदा त्याच्या बैठकीच्या खोलीत मी हरणांच्या शिकारीचं मासिक पाहिलं. उल्हासला झुरळ मारवत नाही.

त्या घरात 'नाही' म्हणायचं खातं नीलांबरीकडे होतं. नीलांबरी म्हणजे त्याची बायको, माझी मैत्रीण. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये आपल्या घरापासून जवळच दोन खोल्यांचं एक लहानसं घर त्यांनी कर्ज काढून घेतलं होतं, भाड्यानं द्यायला. भाडेकरू निवडणं, भाडं मागणं, भिंतीला भोक पाडलं म्हणून झापणं, सगळं तिनंच केलं. उल्हास फक्त नळ दुरुस्त करायचा. २००१ मध्ये नीलांबरी गेली. मुलगी नेत्रा क्युपर्टिनोला नोकरीत. मागे राहिला उल्हास, दोन घरं आणि भीड.

भीड किती महाग पडते ते ती गेल्यानंतरच्या पहिल्याच भाडेकरूनं दाखवलं. संजय नावाचा मुंबईचा मुलगा होता, सॉफ्टवेअरमधला. पहिल्याच दिवशी त्यानं वाकून नमस्कार केला आणि उल्हासला 'काका' म्हटलं. झालं! पुढे हिवाळ्यात हा पठ्ठ्या बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर, मोटरसायकल उघडून बसायला लागला. उल्हास तिथे तंबी द्यायला म्हणून गेला आणि तासभर त्याला टॉर्च धरून परत आला.

"तोंडानं काका म्हणतो गं तो," मला म्हणाला. "काकानं कसं ओरडायचं?"

"पुतण्यावरच ओरडतात काका," मी म्हटलं. पण ते त्याच्या पचनी पडलं नाही.

संजय गेल्यावर उल्हास कुठल्याशा जाहिरातीवरून विमानतळाजवळच्या एका हॉटेलात शनिवारभर चालणाऱ्या सेमिनारला जाऊन बसला. भाड्याची घरं असलेल्या लोकांसाठी होता तो. तिथून आला तो काहीतरी सापडल्यासारखा. आता हे लँड ट्रस्ट प्रकरण एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. आपलं घर आपल्या नावावरून काढून एका ट्रस्टच्या नावावर करायचं. ट्रस्टी म्हणून दुसऱ्या कोणाचं तरी नाव लावायचं. कचेरीत कोणी कागद काढून पाहिले तर घरमालक म्हणून तो ट्रस्टी दिसतो, आपण कुठेच दिसत नाही. पण भाडं आपलं, हुकूम आपला, आणि बँकेचं कर्जही आपलंच. म्हणजे कर्ज उल्हासचं, घर ट्रस्टचं, आणि ट्रस्ट उल्हासचा. लोक हे कोर्टकचेऱ्यांच्या भीतीनं करतात. उल्हासनं केलं ते सेमिनारमधल्या एका वाक्यासाठी. तिथला माणूस म्हणाला होता, 'भाडेकरूनं काही मागितलं तर सांगा, थांबा, मला ट्रस्टला विचारावं लागेल.'

"मृणालिनी, अगं, मला 'नाही' म्हणावंच लागणार नाही! ट्रस्ट म्हणेल!" बायको गेल्यापासून त्याला इतकं खुशीत मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणून तर ट्रस्टी व्हायला मी हो म्हटलं. आडनाव वेगळं असलेलं माणूस हवं होतं आणि मी चहा प्यायला समोरच बसले होते.

वकिलानं एक गोष्ट बजावली. घर असं दुसऱ्याच्या नावावर गेलं की बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते, तसं तिच्या कागदात लिहिलेलं असतं. हप्ते वेळेवर जात असतील तर सहसा कोणी विचारत नाही, पण भाड्याच्या घराची खात्री देता येत नाही. तेव्हा उगाच गावभर सांगत फिरू नका. उल्हासनं ते इतकं मनावर घेतलं की बँकेचं साधं जाहिरातीचं पाकीट आलं तरी तो टपालपेटीपाशीच उभ्या उभ्या फोडायचा. ट्रस्टला नाव काय द्यायचं? स्वतःचं आडनाव नको, असं वकील म्हणाला. उल्हासनं आईचं नाव दिलं. शारदा ट्रस्ट.

तिथेच चुकलं. अमेरिकन माणसाला त्यात काही वाटलं नसतं. पण आपल्या कानाला 'शारदा ट्रस्ट' म्हटल्यावर काय दिसतं? शाळेची इमारत, भिंतीवर हार घातलेला फोटो, खाली देणगीदारांची नावं.

२००४ च्या पानगळीत नंदा आणि गिरीश ते घर बघायला आले. नागपूरची माणसं. गिरीश गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. नंदाला तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. मुलगी स्वानंदी पाच वर्षांची होती, समोरचे दोन दात पडलेली. उल्हासनं ठरवल्याप्रमाणे सांगितलं की घर ट्रस्टचं आहे, आपण नुसते व्यवस्था बघतो. नंदानं करारावरचं नाव वाचलं आणि तिचा चेहराच बदलला.

"शारदा म्हणजे शिक्षणाचं काम करते का हो काका हा ट्रस्ट? आपल्या तिकडं असते तसा? भाड्याच्या पैशातून पोरींना शिकवते वगैरे?"

आता इथे 'नाही' म्हणायचं होतं. एवढंसं.

"हं," उल्हास म्हणाला. "तसंच काहीतरी."

हे त्यानं मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. खोटं बोलला असं त्या वेळी दोघांनाही वाटलं नाही. मुलगी खूश झाली होती, तिचा विरस कशाला करायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण नंदानं ते डोक्यावर घेतलं. घर देवळासारखं ठेवलं तिनं. भिंतीला खिळा ठोकायचा तर विश्वस्तांची परवानगी हवी, म्हणून कॅलेंडरसुद्धा फ्रिजच्या बाजूला चिकटवलेलं. मागे चांगलं मोठं अंगण होतं, ऊन होतं. तरी गवार, वांगी, मिरच्या सगळं तिनं बादल्यांत लावलं. मागच्या फरशीवर ओळीनं पांढऱ्या बादल्या. मी विचारलं, "अगं, जमिनीत लाव ना?" तर म्हणाली, "जमीन ट्रस्टची आहे नं काकू. उद्या दुसरं कोणी येईल. बादल्या आपल्या, उचलल्या की झालं." तिला कुठे ठाऊक, की जिची जमीन ती उकरायला घाबरत होती, ती कागदोपत्री मालकीण तिच्याच ओट्याशी उभी राहून तिच्या गवारीच्या शेंगा मोडत होती!

उल्हासच्या ट्रस्टचं मात्र बेत केला त्यापेक्षा भलतंच झालं. ज्यासाठी तो काढला, ते 'नाही' त्याला कधी म्हणावंच लागलं नाही, कारण नंदा काही मागायचीच नाही. उलट तिनं काही घ्यावं म्हणून ह्यालाच युक्त्या कराव्या लागायच्या. "अध्यक्षांनी सांगितलंय, खिडक्या बदलून द्या." "विश्वस्तांच्या बैठकीत ठरलं, पोरीला मागे झोपाळा लावावा." एक अध्यक्ष त्यानं कधीतरी जन्माला घातला होता, मूळचा करड्या शिस्तीचा म्हणून. नंदाच्या घरात त्या अध्यक्षाला फार मान होता. दिवाळीला उल्हासकरता डबा यायचा तो वेगळा, आणि 'विश्वस्तांसाठी' एक वेगळा, मोठा. उल्हासला मधुमेह. तेव्हा त्यातल्या करंज्या माझ्याकडे यायच्या. मी निमूट खायची. मी विश्वस्त होते, माझा हक्कच होता.

उल्हास रोज संध्याकाळी तिकडे जायला लागला. नळ गळत असो नसो. नंदाचा चहा, गिरीशशी गाड्यांच्या गप्पा, आणि स्वानंदीची शाळेतली गणितं. ती त्याला आजोबा म्हणायची आणि इंग्रजीत बोलायची. एकदा तिच्या हातून गालिच्यावर रंग सांडला. हा गेला तेव्हा ती कोपऱ्यात तोंड लपवून बसलेली. "आजोबा, इज द प्रेसिडेंट गोइंग टु बी मॅड ॲट अस?" उल्हासनं खिशातून मोबाइल काढला आणि कोणालाही न लावता अध्यक्षांशी मराठीत चांगला पाच मिनिटं भांडला. शेवटी अध्यक्ष नमले. पोरगी उड्या मारायला लागली.

नेत्राला फोनवर हे त्यानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, इट्स क्यूट, बट जस्ट टेल देम." मीही म्हणत होते, सांगून टाक. तो म्हणायचा, "सांगतो गं. पण आता कसं सांगू? इतके डबे खाल्ले आपण." दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं, आणि दर वर्षी त्या घरात जाणं त्याला आणखी हवंसं होत गेलं. नीलांबरीनंतर त्याला कोणी 'उशीर का झाला' असं विचारणारं ते एकच दार होतं. ते बंद होईल ही त्याला भीती होती. मला ती दिसत होती, म्हणून मी जास्त ताणलं नाही.

२००८ साल डेट्रॉइटच्या आसपास कसं गेलं ते वेगळं सांगायला नको, गाड्यांच्या कंपन्याच बुडायला आल्या होत्या. गिरीशच्या कंपनीनं उन्हाळ्यात माणसं काढली, त्यात तोही गेला. नशिबानं व्हिसा सांभाळून घेणारी एक लहान कंपनी मिळाली, पण काम पेन्सिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी. प्रोजेक्ट असेल तेव्हा पगार, नसेल तेव्हा नुसती वाट बघायची. तो तिथे विद्यार्थ्यांच्या अपार्टमेंटमध्ये एक खोली घेऊन राहिला. दोन्हीकडचं भाडं झेपणारं नव्हतं. तेव्हा नंदापुढे दोन वाटा होत्या. जम बसेपर्यंत कशीबशी नोव्हायमध्ये राहायचं, नाहीतर पोरीला घेऊन नागपूरला जायचं. गिरीश म्हणत होता राहा. स्वानंदी शाळा सोडायची म्हटलं की रडत होती. खुद्द नंदालाही जायचं नव्हतं.

मी तेव्हा नेमकी पुण्याला होते. आईचं ऑपरेशन होतं, दोन महिने तिकडेच गेले. त्यामुळे पुढचं मला उल्हासनं सांगितलं तसं सांगते.

तो गेला तेव्हा नंदा ओट्याशी उभी होती. ह्यानं घरातून निघतानाच वाक्य पाठ करून ठेवलं होतं. "नंदा, विश्वस्तांची बैठक झाली. सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय. गिरीशचा जम बसेपर्यंत तुम्ही राहा. भाडं द्यायचं नाही."

त्याला वाटलं होतं ती हसेल. ती रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा काका. पण आम्ही नाही राहणार."

"का?"

"गरिबांच्या पोरींचे पैसे आहेत नं ते. आम्हाला दोन हात-पाय आहेत, माहेर आहे. धर्मादायाच्या घरात फुकट कशा राहू? माझे बाबा काय म्हणतील? आमच्यापेक्षा गरजू कोणी असेल, त्याला द्या."

उल्हासनं पुष्कळ समजावलं. ट्रस्टकडे भरपूर आहे म्हणाला, पोरींचं काही अडत नाही म्हणाला. ती ऐकेना. आणि मग तिनं ते म्हटलं.

"तुमचं घर असतं नं काका, तर मी तुम्हाला विचारलंसुद्धा नसतं. हक्कानं राहिले असते. वर दोन वेळा तुम्हालाच जेवायला घातलं असतं. पण हे लोकांचं आहे."

मला हे सांगताना उल्हास खिडकीबाहेर बघत होता. मी विचारलं, "मग? मग बोललास ना?"

"बोललो."

"काय बोललास?"

"म्हटलं, समज माझंच आहे घर."

माझ्या हातातला कप मी आपटलाच. "समज? समज कशाला म्हणालास रे?"

"एकदम तोंडावर कसं म्हणायचं, गं! म्हटलं आधी जरा अंदाज घ्यावा. ती 'असं कसं काका' म्हणाली असती, मग सांगितलं असतं सगळं."

ती तसं म्हणाली नाही. तिनं त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं. म्हणाली, "तुम्ही तर म्हणणारच काका, तुमचा जीवच तसा आहे. पण नुसतं समजून काय होते?" आणि तिनं त्याच्यासमोर चहा ठेवला. त्यानं तो प्यायला. नंतर दोन-तीनदा तोंड उघडलं, पण आता खरं सांगितलं तरी तिला ते दया येऊन रचलेलंच वाटणार, हे त्याला कळून चुकलं होतं. कागद दाखवावेत, तर मालकीच्या कागदावर कुठेही त्याचं नाव नव्हतं. नाव दिसू नये म्हणूनच तर सगळा खटाटोप केला होता. होतं ते माझं, आणि मी पुण्यात हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते.

"मला फोन करायचास की!"

"तुझी आई आजारी होती. म्हटलं तुला कशाला त्रास."

ह्या माणसाचं काय करावं मला खरंच कळत नाही. राग आला, आणि रागावून उपयोग नव्हता म्हणून आणखी राग आला. ऑक्टोबर संपता संपता मायलेकी गेल्या. विमानतळावर हाच सोडायला गेला. स्वानंदीनं अध्यक्षांसाठी काढलेलं एक चित्र त्याच्या हातात दिलं. दाढीवाला, चष्मेवाला, रागीट म्हातारा, आणि त्याच्या हातात फुगा.

मी परतले ती डिसेंबरात. उल्हासच्या मोठ्या घरावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली होती. त्या वर्षी आमच्या भागात पाट्याच पाट्या होत्या, त्यामुळे मला तिचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तो कुठे आहे ते कळल्यावर. त्या लहान घरात राहत होता. म्हणाला, "थंडीत घर रिकामं ठेवलं तर पाइप फुटतात. कोणीतरी राहायला हवं." एक खाट, एक खुर्ची, नीलांबरीचा फोटो. मागच्या फरशीवरचं बर्फ त्यानं झाडून काढलं होतं, आणि तिथे बादल्यांचे गोल डाग ओळीनं दिसत होते. मी ते बघत असताना तो म्हणाला, "जमिनीत लावलं असतं तर मुळं तरी राहिली असती." मग घाईघाईनं म्हणाला, "वांगी काही टिकत नाहीत म्हणा इथल्या थंडीत."

मी त्याला त्याच क्षणी फोन करायला लावला. रविवारची सकाळ होती, नागपूरला संध्याकाळ. म्हटलं, मी समोर आहे, मी ट्रस्टी आहे, मी साक्ष देते. अजून वेळ गेलेली नाही. व्हिसा जूनपर्यंत आहे, तोवर परत येऊ शकतात त्या. सरळ वाक्य म्हणायचं, घर माझं आहे, परत या. 'समज' म्हणालास तर फोन मी घेईन. त्यानं मान डोलावली. दोनदा माझ्यासमोर घोकून दाखवलं. फोन स्पीकरवर टाकला.

"काका!" नंदाचा आवाज इतका जवळून आला की आम्ही दोघंही दचकलो. मग ती बोलतच सुटली. गिरीशही आला, बुटीबोरीला नोकरी मिळाली, पगार कमी आहे पण घरचे सगळे आहेत. स्वानंदीला शाळा आवडली, आता मराठीत भांडते. "आणि काका, एक सांगायचं राहूनच गेलं, माझ्या जिवाला लागून राहिलं. स्वयंपाकघरात दाराच्या मागे मी एक खिळा ठोकला होता. विश्वस्तांना न विचारता. किल्ली हरवायची नं सारखी, म्हणून. जाताना काढायचा विसरले. अध्यक्षांना सांगा, माफ करा म्हणावं."

"अगं, खिळ्याचं काय..." उल्हास म्हणाला. मी त्याला कोपरानं ढोसलं. "नंदा, मला तुला एक सांगायचं आहे. ते घर..."

"हो, घराचंच विचारणार होते. दिलं का कोणाला? रिकामं आहे म्हणून मला झोप लागत नाही काका. वाटते, आपण उगाच मोडता घातला, ट्रस्टचंही नुकसान केलं. मिळालं का कोणी?"

उल्हासनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. त्याच्या ओठांवर ते वाक्य आलेलं मला दिसलं, आणि परत गेलेलंही दिसलं.

"मिळालं," तो म्हणाला. "एक म्हातारा आहे. एकटाच आहे."

"गरजू आहे नं?"

"हो," उल्हास म्हणाला. "गरजू आहे."

"मग बरं झालं बापा," नंदा म्हणाली, आणि तिनं सोडलेला सुस्कारा आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "बघा, आम्ही राहिलो असतो तर त्या बिचाऱ्यानं कुठं जायचं होतं? जपा त्याला. रोज जात जा तिकडे, संध्याकाळचा. एकट्या माणसाला कोणीतरी लागते."

त्यानं फोन ठेवला. मी कोट चढवला. निघताना मला स्वयंपाकघराच्या दारामागे बघावंसं वाटलं. खिळा होता. जरा वाकडा ठोकलेला. त्याला उल्हासच्या किल्ल्या लटकत होत्या.